दोन खांबांमधलं वाक्य

त्या सकाळी भोंगाकाका स्वयंपाकघरात बसून चहा पीत होते, आणि त्याच वेळी ते बाहेर रस्त्यावरूनही चालले होते.

पहिल्यांदा हे लक्षात आलं ते काकूंच्या. त्या मागच्या दारी कपडे वाळत घालत होत्या. रस्त्यावरून नवऱ्याचा खणखणीत आवाज जाताना ऐकून त्यांनी तिथूनच हाक दिली, "अहो, निघालाच आहात तर येताना दूध आणा!"

"अगं, मी इथे आहे," काका आतून म्हणाले.

"मग बाहेर कोण ओरडतंय?"

काकांनी कान दिला. कप बशीत ठेवला. मग अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाले, "मीच."

काकू ओले हात पुसत आत आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं. संसारात इतकी वर्षं काढलेली बाई सहसा कशाने दचकत नाही. पण एका नवऱ्यातच पुरेवाट झालेली असताना दुसरा फुकटात मिळाला, तर कुणाचंही काळीज हलेल. "हे बघा," त्या म्हणाल्या, "मला एकाचाच आवाज झेपतो. दुसऱ्याला परत पाठवा."

हे काय प्रकरण होतं ते कळायला आधी काकांचा धंदा कळायला हवा. काकांचा एक छोटा टेम्पो होता. त्याच्या टपावर दोन भोंगे होते, एक पुढे तोंड करून आणि एक मागे. म्हणजे गाडी येताना आणि गेल्यावर लोकांना त्रास अगदी सारखा. पाणी बंद असलं, कुणाचं पोर हरवलं, कुणाचं सापडलं, सर्कस आली, साबण स्वस्त झाला, की एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात माइक धरून काका शहराच्या गल्लीबोळांतून फिरत. त्यांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बाकी सगळ्यांना ते भोंगाकाका.

धंद्यातला त्यांचा नियम एकच. वाक्य दिव्याच्या एका खांबापाशी सुरू करायचं आणि पुढचा खांब यायच्या आत संपवायचं. हा नियम काही चिंतनातून निघालेला नव्हता. मार खाता खाता वाचल्यावर निघाला होता. नवखे असताना एकदा त्यांनी एका गल्लीत 'दुरुस्तीच्या कामानिमित्त उद्या सकाळी आपल्या विभागाला पाणी सोडण्यात येणार' इतकं म्हटलं, आणि 'नाही' म्हणायला तोंड उघडेपर्यंत गाडी पुढच्या गल्लीत वळली. मागची गल्ली निवांत झोपली. दुसऱ्या दिवशी ती अख्खी गल्ली बादल्या घेऊन काकांच्या दारात उभी. बादल्या रिकाम्या होत्या म्हणून काका निभावले. तेव्हापासून 'उद्या पाणी नाही', की खांब. 'आज भरून ठेवा', की खांब. ज्याच्या दारासमोरून गाडी जाईल त्याच्या पदरात एक पुरं वाक्य पडलंच पाहिजे.

काकांना एकच मुलगी. अंगाने बारीक आणि आवाजाने मोठी, म्हणून तिला घरात चिमणी म्हणत. लहानपणी सुट्टीच्या दिवशी ती टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसायची. खांब जवळ आला की बापाच्या गुडघ्यावर टिचकी मारायची. टिचकी पडली की काकांनी तोंड मिटायचं. काकू म्हणत, "ही कला मला शिकवली असतीस तर!"

आता चिमणी शेजारच्या शहरात प्रयोगशाळेतल्या तपासण्यांचं शिक्षण घेत होती. रक्त कसं घ्यायचं, काचेवर कसं पसरायचं, सूक्ष्मदर्शकाखाली काय बघायचं. शेवटचं प्रात्यक्षिक संध्याकाळी असायचं, आणि ते संपल्यावर घरी आणणारी एकच बस होती. ती बस एक दिवस बंद झाली. नगरपालिका म्हणाली, तोट्यात आहे. नगरपालिका म्हणजे साहेब, कारण वर्षानुवर्षं तिथे दुसरं कुणी निवडूनच आलं नव्हतं. बस बंद झाली त्याच आठवड्यात साहेबांच्या मेहुण्याच्या व्हॅन त्याच रस्त्यावर धावू लागल्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं साहेब म्हणत. फांदी मेहुण्याच्या अंगणात पडली, एवढंच. व्हॅन भरल्याशिवाय हलत नसे, आणि तिच्यात मुली बसायला धजत नसत. चिमणी शेवटचं प्रात्यक्षिक अर्धवट टाकून दुपारच्या बसने परतू लागली. सरांनी स्पष्ट सांगितलं, हे असंच चाललं तर परीक्षेला बसता येणार नाही.

अशी बरीच मुलंमुली होती. त्यांनी मोबाइलवर एक पेज काढलं. पेजचं नाव 'शेवटची बस'. चिमणीचा एक मित्र होता, चष्मा. डोळ्यांपेक्षा चष्माच जास्त दिसायचा म्हणून. तो रोज संध्याकाळी ठरल्या वेळी रिकाम्या बसथांब्याचा फोटो काढून टाकायचा आणि खाली तीनच शब्द लिहायचा, 'आजही आली नाही.' बस. म्हणजे, बस नाहीच. पण लोकांना ते फार आवडलं. कुणी त्यावर गाणं केलं, कुणी थांब्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. बघता बघता पेज लाखभर लोकांपर्यंत गेलं. मग निवडणूक जाहीर झाली आणि मुलांनी साहेबांच्याच वॉर्डात, साहेबांच्याच विरोधात, सरकारी दवाखान्यातल्या तरुण नर्सताईंना उभं केलं. त्यांचीही ड्यूटी सुटायची ती बसच्याच वेळेला.

पहिली सभा भरली. म्हणजे भरायची होती. आले कोण, तर नर्सताईंची आई, पंखा चालू दिसला म्हणून आत शिरलेल्या दोन आजीबाई, आणि खुर्च्या भाड्याने देणारा. तो खुर्च्या परत न्यायला आला होता.

"असं कसं? काल लाखभर लोकांनी पाहिलंय आपल्याला!" चष्मा रडकुंडीला आला.

"कुठल्या लोकांनी?" नर्सताईंनी विचारलं. रोज नाडी बघायची सवय. त्या नेमकं विचारत.

बघितलं तर लोक जगभरचे. एकाने तर बर्फाच्या देशातून लिहिलं होतं, 'आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.' तो खरोखरच पाठीशी होता. पृथ्वी गोल असल्यामुळे. वॉर्डातल्या मतदारांनी मात्र ते पेज पाहिलंच नव्हतं. त्यांचे मोबाइल सकाळच्या फुलांनी आणि दुपारच्या घरगुती औषधांनी तुडुंब भरलेले असत. क्रांतीला जागाच नव्हती.

इकडे काकांची पंचाईत वेगळी. दर निवडणुकीत साहेबांच्या गाडीवर आवाज काकांचाच असायचा. साहेबांमुळेच त्यांच्याकडे नगरपालिकेच्या पाण्याच्या सूचना होत्या, आणि घर चालायचं ते त्याच पाण्यावर. चिमणीने बापाशी बोलणं टाकलं. सगळं आईमार्फत.

"आई, त्यांना सांग, जेवण वाढलंय."

"तिला सांग, मला दिसतंय."

"तुम्ही दोघं एकेक भोंगा घ्या," काकू म्हणत. "माझी वायर जळाली."

काकांना पोरीचं पटत होतं. पण पटणं आणि पेलणं यांत अंतर असतं, आणि त्या अंतरात खांब नसतात. शेवटी साहेबांचं बोलावणं आलं तेव्हा ते जड पावलांनी गेले. साहेबांच्या शेजारी त्यांचा भाचा बसला होता. हा भाचा नुकताच प्रचारप्रमुख झाला होता आणि एका हाताने मोबाइल, दुसऱ्या हाताने दुसरा मोबाइल बघत असे.

"अरे भोंग्या," साहेब प्रेमाने म्हणाले, "किती राबशील? ह्या वेळी तू आराम कर."

"हो काका," भाचा म्हणाला, "तुम्ही घरी बसा. तुमचा आवाज करेल काम."

काकांना ते कौतुक वाटलं. मोठ्या माणसांचं अर्धं समजलेलं वाक्य आपल्याला नेहमी कौतुकच वाटतं. ते तरंगतच घरी आले. साहेबांना नाही म्हणावं लागलं नाही, पोरीच्या विरोधात बोलावंही लागलं नाही. साप मेला आणि काठीही शाबूत. ही बातमी चिमणीला कशी द्यावी, ह्याचं एक वाक्यही त्यांनी वाटेत जुळवलं, अगदी खांबात बसणारं. पण ती बोलत नव्हती, आणि काकू त्या दिवशी निरोप नेण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या.

आणि मग ती सकाळ. भाच्याने काय केलं होतं, तर काकांच्या जुन्या सगळ्या प्रचाराची रेकॉर्डिंग कॉम्प्युटरला ऐकवून त्याच्याकडून काकांचा आवाज तयार करून घेतला होता. आता ह्या आवाजाला चहा लागत नव्हता, खोकला येत नव्हता, आणि साहेबांचं भाषण लिहिणारा जे लिहील ते तो बिनतक्रार म्हणत होता. साहेबांची प्रचाराची गाडी पुन्हा फिरून आली आणि काकांनी स्वतःला नीट ऐकलं.

"संध्याकाळची बस साहेबांनी बंद केली, असा खोटानाटा प्रचार करणाऱ्या, कवडीचा अनुभव नसलेल्या, मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसणाऱ्या पोरासोरांच्या भूलथापांना बळी न पडता, विकासाची घोडदौड अखंड चालू ठेवण्यासाठी साहेबांनाच प्रचंड मतांनी विजयी करा!"

काकांचा चेहरा उतरला. पोरासोरांच्या. हा शब्द त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच गल्लीत, त्यांच्याच पोरीच्या खिडकीखालून गेला होता. आता हिला कोणत्या तोंडाने सांगायचं, की हे तोंड माझं नव्हे? त्यांनी भीतभीतच तिच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

दार उघडलं. चिमणी बाहेर आली आणि आईकडे न बघता सरळ म्हणाली, "बाबा, ते तुम्ही नाही."

इतक्या दिवसांनी 'बाबा' ऐकून काका बसल्या जागेवरून उठलेच. "कशावरून?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"कशावरून काय! चार खांब गेले तरी वाक्य संपेना. टिचकी मारून मारून माझं बोट दुखायला लागलं."

एक खोटा आवाज अख्ख्या शहराला खरा वाटत असताना आपल्याला नुसत्या बोटाने ओळखणारं माणूस घरात आहे, ह्याबद्दल कुणाचे आभार मानायचे हे काकांना कळेना. म्हणून त्यांनी चिमणीला चहा ओतून दिला. तिने तो घेतला. काकूंनी निरोप्याचं काम सुटलं म्हणून मोठा सुस्कारा सोडला.

तेवढ्यात समोरच्या शिंप्याने खिडकीत पाहून हात केला. त्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, अगदी पहिल्या खांबाखाली. "काय भोंगाशेठ! शाब्बास! साहेबांच्याच गाडीवरून साहेबांचं बिंग फोडलंत!"

"मी?"

"मग कोण? 'संध्याकाळची बस साहेबांनी बंद केली.' स्पष्ट ऐकलं मी. मशीन थांबवून ऐकलं. आमचा आपला संशय होता, पण भोंगाकाका म्हणाले म्हणजे म्हणालेच. तुमचं पाणी कधी खोटं निघालं नाही!"

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघं खिडकीला चिकटली. गाडी पुन्हा आली. पहिल्या खांबापाशी 'संध्याकाळची बस साहेबांनी बंद केली.' दुसऱ्यापाशी, जिथे गिरणीवाला राहतो, 'खोटानाटा प्रचार करणाऱ्या, कवडीचा अनुभव नसलेल्या.' तिसऱ्यापाशी 'बळी न पडता, विकासाची.' आणि कोपऱ्यावरच्या शेवटच्या खांबाशी 'साहेबांनाच.' साहेबांना काय, ते पलीकडच्या गल्लीने ऐकलं. गिरणीवाला बाहेर येऊन विचारत होता, "कुणाला अनुभव नाही म्हणतोय हा? मला?"

"बाबा," चिमणी हळूच म्हणाली, "हसू नका. मला फोन करायचाय."

दुपारपर्यंत सगळी टोळी जमली. मुलं एकेका खांबाखाली मोबाइल घेऊन उभी राहिली, जणू बसची वाट बघतायत. त्यात ती तरबेज होतीच. साहेबांची गाडी गेली, प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आपापला तुकडा सापडला, आणि चष्म्याने ते तुकडे एकापुढे एक लावले. वरून एक अक्षर जोडलं नाही. नाव दिलं, 'चार खांब'.

ह्या वेळी गंमत झाली. तो व्हिडिओ बर्फाच्या देशात कुणाला कळला नाही. वॉर्डात मात्र वणव्यासारखा पसरला. कारण त्यात शिंप्याचं दुकान होतं, गिरणीवाल्याचं दार होतं, कुणाच्या दोरीवरची चादर होती. "अहो, ही तर आपली बाल्कनी!" माणसाला क्रांती दिसली नाही तरी चालते, आपली बाल्कनी दिसली की तो चौघांना पाठवतो. फुलांच्या आणि घरगुती औषधांच्या गर्दीत 'चार खांब' जाऊन बसले. आणि बाल्कनी बघता बघता लोकांनी मागचं सगळं पेजही बघितलं, रिकाम्या थांब्याचे ते ढीगभर फोटो. "रोज उभी असतात ही पोरं?" आजीबाई एकमेकींना विचारू लागल्या.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी भाचा हजर. दोन्ही मोबाइल खिशात, म्हणजे प्रकरण गंभीर.

"काका, तुम्ही फक्त एवढंच सांगा. आवाज तुमचाच आहे, आणि मध्येच ठसका लागल्यामुळे वाक्य तुटलं."

"ठसका कुणाला लागला?"

"तुम्हाला."

"पण मी तर चहा पीत होतो."

"म्हणूनच लागला," भाचा म्हणाला. तो अगदीच बुद्दू नव्हता. मग उठता उठता त्याने आवाज खाली आणला. "पाण्याच्या सूचना इतकी वर्षं तुमच्याकडे आहेत, काका. पुढेही राहाव्यात असंच साहेबांना वाटतं. तुम्हाला काय वाटतं, ते आज संध्याकाळपर्यंत कळवा."

तो गेला आणि काका आतल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून राहिले. बाहेरच्या खोलीत मुलांचा खल चालला होता.

"काकांनी एकदा कॅमेऱ्यासमोर सांगितलं ना, की तो आवाज माझा नाही, तर संपलंच!" चष्मा म्हणत होता. "आत्ता लोक हसतायत. उद्या साहेब म्हणतील, भोंगाकाका आमच्याच बाजूने बोलत होते, यंत्र अडकलं."

"नाही," चिमणीचा आवाज आला. "बाबांना यात ओढायचं नाही."

"अगं, पण तुझीच परीक्षा आहे!"

"असू दे. बसले नाही तर पुढच्या वर्षी बसेन. पाण्याची गाडी गेली तर बाबा करणार काय? त्यांना दुसरं काही येत नाही. बाबांचं नाव काढायचं नाही, सांगून ठेवते."

दुसरं काही येत नाही, हे मुलीच्या तोंडून ऐकणं तसं काही सुखाचं नसतं. पण काकांनी त्यातलं पुढचं ऐकलं. ज्या बापाशी ही पोरगी इतके दिवस बोलत नव्हती, त्याच्या पोटासाठी ती स्वतःचं वर्ष घालवायला निघाली होती. काका उठले, खुंटीवरची किल्ली घेतली आणि बाहेर आले.

"कुठे उभं राहायचं?" त्यांनी चष्म्याला विचारलं.

"बाबा, नको," चिमणी म्हणाली.

"तू गप्प बस. आईला सांग, ती मला सांगेल."

त्यांना भिंतीपाशी उभं केलं. चष्म्याने मोबाइल रोखला. आणि उभ्या शहराशी बोलून म्हातारा झालेला माणूस ओंडक्यासारखा थिजला. माइक नाही, स्टिअरिंग नाही, पायाखालची जमीन हलत नाही; बोलायचं कसं? "नम," एवढंच म्हणून त्यांनी तोंड मिटलं. पुन्हा "नम." काकू दारातून बघत होत्या. "लग्नाच्या वेळीही असंच झालं होतं," त्या मुलांना म्हणाल्या. "ह्यांना गाडीत बसवा, मग सुटतील."

खरंच, गाडीत बसवलं. चिमणी पुढच्या सीटवर, चष्मा मागे मोबाइल धरून. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी आला, शिंप्याचा खांब आला आणि काकांच्या तोंडून वाक्य सुटलं.

"नमस्कार, मी भोंगा बोलतोय."

गुडघ्यावर टिचकी.

"साहेबांच्या गाडीवर मी नाही."

टिचकी.

"तो यंत्राचा आवाज आहे. मी घरी होतो."

टिचकी. मागे गिरणीवाला मान डोलावत होता.

"बस बंद आहे, हे मात्र खरं."

टिचकी.

"माझी मुलगी त्याच बसने यायची."

ह्या वेळी टिचकी पडली नाही. काकांनी बाजूला बघितलं, तर चिमणी खिडकीबाहेर तोंड करून बसली होती आणि तिचा हात नुसताच बापाच्या गुडघ्यावर होता. खांब मागे गेला. काका गप्प राहिले, सवयीचा माणूस.

"काका," मागून चष्मा ओरडला, "मत कुणाला द्यायचं ते राहिलं!"

"खांबात बसलं नसतं," काका म्हणाले.

त्याच संध्याकाळी साहेबांचं उत्तर आलं. पाण्याच्या सूचना काढून घेतल्याचं कळवायला साहेबांनी दुसरा भोंगा पाठवला नाही, एवढीच मेहेरबानी. पुढचे दिवस कठीण गेले. टेम्पो दारात उभा राहिला, काका त्याला रोज पुसत. पण रोज संध्याकाळी घरात ही पोरं गोळा होत, त्यांचा दंगा असे, नर्सताई ड्यूटीवरून थेट येऊन काकूंचा रक्तदाब बघत आणि काकांना ओरडत, की मीठ कमी करा. घर असं भरलेलं काकांनी कधी पाहिलं नव्हतं. काम गेलेला माणूस इतका खुशीत कसा, म्हणून शिंपी त्यांना संशयाने बघे.

निकाल लागला. नर्सताई आल्या, साहेब पडले. फार मोठ्या फरकाने नव्हे. पण पडणाऱ्याला उंची विचारायची नसते. साहेबांनी स्वतः काकांना फोन केला. "भोंग्या," ते म्हणाले, "तू माझा घात केलास."

"नाही हो साहेब," काका नम्रपणे म्हणाले. "मी घरीच बसलो होतो. माझ्या आवाजाने काम केलं."

सत्ता बदलली की सगळं बदलतं असं तरुणांना वाटतं, आणि काहीच बदलत नाही असं म्हाताऱ्यांना वाटतं. दोघांनाही थोडं थोडं बरोबर म्हणायला हरकत नाही. बस सुरू करायला ठराव लागला, ठरावाला समिती लागली, समितीला बसायला खोली लागली आणि खोलीची किल्ली साहेबांच्या मेहुण्याकडे निघाली. नर्सताई म्हणाल्या, "सुई टोचली तर पेशंट निदान ओरडतो. फाइल ओरडतसुद्धा नाही!" तरी त्या टोचत राहिल्या. मधल्या काळात चष्म्याने उत्साहाच्या भरात एक ॲप काढलं. म्हणे पाण्याच्या सूचना आता थेट मोबाइलवर. पहिलीच सूचना मोबाइलमधल्या सकाळच्या फुलांखाली गाडली गेली, आणि वॉर्डातल्या आजीबाई रिकाम्या बादल्या घेऊन त्याच्या दारात. काकांना ते दृश्य ओळखीचं वाटलं. ते मध्ये पडले, चष्म्याला सोडवला, आणि दुसऱ्या दिवसापासून ॲपही चालू आणि भोंगाही चालू, असं ठरलं. चष्मा फार दिवस त्यांच्या पाया पडायच्या बेतात होता. "अरे, मी तुझे आभार मानायचे, की तू माझे?" काका म्हणायचे आणि दोघंही अवघडून दुसरीकडे बघायचे.

शेवटी तो दिवस उजाडला. सकाळपासून काका फिरत होते. "आजपासून संध्याकाळची बस सुरू." खांब. "थांबा जुनाच, वेळ जुनीच." खांब. इतकं सोपं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज दोनदा चिरकला. शिंप्याने मशीन थांबवून खात्री करून घेतली. "हे तुम्हीच ना?"

"मीच रे बाबा."

"मग ठीक."

संध्याकाळी थांब्यावर अर्धा वॉर्ड जमला होता, आणि त्यातल्या बहुतेकांना कुठेही जायचं नव्हतं. बस आली. थोडी उशिरा, थोडी खडखडत, एका बाजूला थोडी कललेली, पण आली. मुली उतरल्या, दवाखान्यातल्या दोघी आया उतरल्या, आणि त्यांच्या मागून हातात पांढरा कोट घडी करून धरलेली चिमणी उतरली. आज तिचं प्रात्यक्षिक पुरं झालं होतं. चष्म्याने फोटो काढला आणि पेजवर टाकला. खाली एकच शब्द लिहिला, 'आली.'

चिमणी मैत्रिणींबरोबर चालत घराकडे निघाली. काका टेम्पो घेऊन हळूहळू मागे येत होते. तिने एकदा मागे वळून बघितलं आणि हसली. काकांनी सवयीने माइक उचलला आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की सांगायला काहीच नाही. पाणी होतं. पोर हरवलं नव्हतं. सर्कस आली नव्हती. आजवर दुसऱ्यांचंच बोलणं ह्या भोंग्यातून गेलं होतं. स्वतःचं असं काही त्यातून कधी गेलंच नव्हतं.

"एक सूचना," ते म्हणाले. शिंप्याचा खांब गेला.

"ह्या गल्लीत राहणाऱ्या एका माणसाला कळवायचं आहे, की," आणि दुसरा खांब समोर दिसू लागला. वाक्य तर आत्ता कुठे सुरू झालं होतं. काकांनी काय करावं? आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खांबाखाली गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. गल्लीतल्या खिडक्या एकेक उघडल्या.

"की तो फार आभारी आहे, ह्या पोरांचा आणि त्यांच्या मोबाइलचा, नर्सताईंचा, ड्रायव्हरचा, शिंप्याच्या कानांचा, गिरणीवाल्याच्या रागाचा, ह्या चारही खांबांचा, साहेबांच्या भाच्याचासुद्धा, कारण त्याने माझा आवाज नेला नसता तर माझ्या मुलीने तो ओळखला नसता, आणि तिने ओळखला नसता तर मला तरी कुठे माहीत होतं की तो माझा आहे, आणि तिच्या आईचा, जिने इतके दिवस आमचे निरोप वाहिले, आणि त्या बर्फाच्या देशातल्या माणसाचासुद्धा, जो कोण असेल तो, पाठीशी उभा राहिल्याबद्दल, आणि"

गल्ली ऐकत होती. कुठे तोडायचं ते काकांना सापडेना. चिमणी मैत्रिणींना सोडून मागे आली. उघड्या खिडकीतून तिने हात आत घातला आणि बापाच्या गुडघ्यावर टिचकी मारली.

काकांनी तोंड मिटलं.

वरून, घराच्या खिडकीतून, काकूंचा आवाज आला. त्याला कधीच भोंगा लागत नसे. "अहो! हे तुम्हीच बोलताय ना? की तो दुसरा?"

काकांनी माइक पुन्हा तोंडाशी नेला. "मीच!"

"मग येताना दूध आणा!"

"आणतो," काका दोन्ही भोंग्यांतून म्हणाले. चिमणी दार उघडून पुढच्या सीटवर बसली, आणि टेम्पो दूधवाल्याच्या खांबाकडे निघाला.